कुमानो कोदोची पायवाट पहिल्यांदा चालताना

नोव्हेंबरातली संध्याकाळ, पावणेपाच वाजलेले, आणि मी आईबरोबर जपानमधल्या एका डोंगरात सुगीच्या गर्द रानात उभी होते. सुगी म्हणजे तिथलं देवदारासारखं झाड, उंच आणि सरळसोट. वर आकाशात थोडा उजेड शिल्लक होता, पण पायाखालचा दगड दिसेनासा झाला होता. बॅटरी सॅकच्या तळाशी, ओल्या टॉवेलखाली. मुक्कामाचं गाव अजून तीन किलोमीटर पुढे, आणि तिथे सहाच्या ठोक्याला जेवण वाढणारी एक म्हातारी बाई आमची वाट बघत असणार. आई घाबरली नाही. ती एवढंच म्हणाली, "आपण इतकी घाई का केली गं?"

चूक पूर्णपणे माझी होती. सह्याद्रीत ट्रेक केलेत, तेव्हा तेरा किलोमीटरचं काय एवढं, असं मी धरून चालले होते. पुढच्या वर्षी आम्ही दोघी पुन्हा गेलो. तीच वाट अर्ध्या वेगाने चाललो आणि ती यात्रा आईच्या अजूनही रोजच्या बोलण्यात येते. या दुसऱ्या खेपेचा आराखडा इथे देते आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, विशेषतः पन्नाशी-साठीतल्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी, तो जसाच्या तसा वापरला तरी चालेल.

जायचं कुठे, थोडक्यात

ओसाकाच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेलं किइ नावाचं डोंगराळ द्वीपकल्प आहे. त्याच्या पोटात कुमानो. होंगू, हायातामा आणि नाची ही इथली तीन मोठी देवस्थानं, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटांचं जाळं म्हणजे कुमानो कोदो. यातली नाकाहेची ही वाट नवख्यांसाठी सगळ्यात सोयीची. हजार वर्षांपूर्वी क्योतोहून निवृत्त सम्राट याच वाटेने यायचे. गो-शिराकावा नावाचा सम्राट तर तीसहून अधिक वेळा आला. पुढे सामान्य माणसं इतक्या संख्येने येऊ लागली की जपानीत 'मुंग्यांची कुमानो-यात्रा' असा शब्दप्रयोगच रूढ झाला. २००४ साली या वाटा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

वाटेवर जागोजागी 'ओजी' नावाची छोटी देवस्थानं आहेत. यात्रेकरू तिथे थांबून हात जोडायचे, मग पुढे निघायचे. '९९ ओजी' म्हणतात, पण तो आकडा 'पुष्कळ' या अर्थाने घ्यायचा. काही ठिकाणी देऊळ उभं आहे, काही ठिकाणी फक्त शेवाळलेला दगड उरलाय.

१. आधी ठरवा: किती चालायचं?

ताकिजिरी-ओजी ते होंगूचं मोठं देऊळ हे अंतर साधारण ३८ किलोमीटर. पुष्कळ जण ते दोन दिवसांत बसवतात: पहिल्या दिवशी ताकिजिरी ते चिकात्सुयु १३ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी चिकात्सुयु ते होंगू सुमारे २५. कागदावर हे जमण्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात २५ किलोमीटरच्या दिवशी तुम्ही एकाही ओजीपाशी पाच मिनिटं बसत नाही, कारण सतत घड्याळ बघावं लागतं.

माझा आग्रह असा:

पहिला दिवस: ताकिजिरी ते ताकाहारा, ४ किलोमीटर, दोन ते अडीच तास.
दुसरा दिवस: ताकाहारा ते चिकात्सुयु, ९-१० किलोमीटर, साडेचार-पाच तास.
तिसरा दिवस: चिकात्सुयुहून बसने होंगू, तिथून दुसऱ्या बसने होश्शिनमोन-ओजी, आणि तिथून चालत परत होंगू, ७ किलोमीटर, अडीच-तीन तास. रात्री युनोमिनेला गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी मुक्काम.

मधला टप्पा बसने ओलांडण्यात काही कमीपणा मानू नका. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, त्यांनी फक्त तिसऱ्या दिवसाचा टप्पा चालावा. तो जवळजवळ सगळा उताराचा आहे आणि या वाटेचं सगळं मर्म त्यात आहे.

काळ कुठला? मार्चअखेर ते मे, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून आणि जुलैचा बराचसा भाग पावसाचा, ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचे. हा जपानमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यांपैकी एक आहे, त्यामुळे चांगल्या ऋतूतही एक दिवस भिजणार असं धरून चाला. नोव्हेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधार होतो, हे मी अनुभवाने सांगते.

२. मुक्काम सगळ्यात आधी

विमानाचं तिकीट काढण्याआधी मुक्काम बघा. उलटं वाटेल, पण ताकाहारा आणि चिकात्सुयु ही चिमुकली गावं आहेत. राहायच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एप्रिल आणि नोव्हेंबरचे दिवस कित्येक महिने आधी भरतात. तंबू ठोकू, वाटेत काहीतरी मिळेल, हा विचार इथे करू नका.

राहायची घरं म्हणजे 'मिन्शुकु': कुटुंब चालवतं ते छोटं घरगुती पथिकालय, दोन वेळचं जेवण धरून. माणशी १०,००० येनच्या पुढे धरा. तानाबे शहराच्या पर्यटन मंडळाची 'कुमानो ट्रॅव्हल' नावाची आरक्षण सेवा इंग्रजीत आहे. मुक्काम, दुपारचा डबा आणि सामान पुढे पोचवण्याची सोय, तिन्ही तिथून ठरवता येतं. मात्र तुम्ही विनंती पाठवता, ती लगेच पक्की होत नाही. ते घरमालकाला विचारतात, मग उत्तर येतं. म्हणून प्रत्येक दिवसासाठी दुसरा पर्यायही नोंदवून ठेवा.

सामान पुढे पोचवण्याची सोय घ्याच. मोठी बॅग सकाळी मुक्कामी सोडायची, संध्याकाळी पुढच्या घरी ती आपल्या आधी आलेली असते. यावर खर्च केलेला एकही येन वाया जात नाही. पाठीवर फक्त दिवसाची सॅक असली की साठीतल्या गुडघ्यांनाही हा चढ झेपतो.

३. जेवणाचं आधी कळवा, नीट कळवा

शाकाहारी मंडळींनी हा भाग दोनदा वाचावा.

जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' आहे. दाशी म्हणजे मुरवून वाळवलेल्या माशाच्या पापुद्र्यांचं, कधी समुद्री शेवाळाचं, पातळ पाणी. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, नूडल्सचं पाणी, भाजीवर ओतलेला रस, सगळ्यात ते असतं. 'मी शाकाहारी आहे' एवढं सांगितलं तर मासे-मटण टाळलं जाईल, पण दाशी तशीच राहील, कारण बहुतेकांच्या लेखी ती मासा खाण्यात मोडतच नाही.

पहिल्या खेपेला मी हे मुक्कामी पोचल्यावर सांगितलं. घरच्या बाईंनी दुपारपासून आमच्यासाठी अकरा वाट्यांचं जेवण रांधलं होतं. त्यातला भात, लोणचं आणि टोफू सोडून आई काही खाऊ शकली नाही. बाईंचा चेहरा इतका उतरला, की त्या दोघी एकमेकींची माफी मागत बसल्या. दुसऱ्या खेपेला आरक्षणाच्या वेळीच सविस्तर लिहिलं: मांस नाही, मासा नाही, माशाची दाशी नाही, समुद्री शेवाळाची दाशी, अंडी, दूध चालेल. त्या रात्री ताटात कुरकुरीत तेम्पुरा (भज्यांसारखं तळण), तिळाचा टोफू, मशरूम घातलेला भात आणि शेवाळाच्या पाण्यातलं सूप होतं. प्रत्येक वाटीकडे बोट दाखवून बाईंनी सांगितलं, "साकाना नाशी." मासा नाही.

तोंडी सांगायचं वाक्य पाठ करा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देस." अर्थ: मांसही खात नाही, मासाही नाही, माशाची दाशीही चालत नाही. हेच जपानी लिपीत कागदावर लिहूनही ठेवा.

वाटेतल्या खाण्यासाठी भाताचे त्रिकोणी गोळे, ओनिगिरी, सोयीचे. वाकायामा प्रांत उमेबोशीसाठी, म्हणजे खारवलेल्या आंबट उमे फळासाठी, जपानभर प्रसिद्ध आहे. ते घातलेली ओनिगिरी घ्या. पण 'कात्सुओ उमे' लिहिलेलं असेल तर त्यात माशाचा पापुद्रा आहे. मेहारीझुशी ही कुमानोची खासियत: मोहरीवर्गातल्या खारवलेल्या मोठ्या पानात गुंडाळलेला भात. आतल्या सारणाची चौकशी करून घ्या. शिवाय घरून मेतकूट, चटणी, थालीपिठाची भाजणी नाही, पण खाकरे आणि शेंगदाण्याची चिक्की जरूर न्या. ताकाहाराच्या पुढे रानात दुकान नाही.

४. कागदपत्रं आणि पैसे

- पासपोर्ट. परदेशी पाहुण्याने तो कायम जवळ बाळगायचा असतो, मोठ्या बॅगेत घालून पुढे पाठवू नका.
- व्हिसा. भारतीय पासपोर्टवर तो आधी काढावा लागतो. अर्जात दिवसागणिक कार्यक्रम द्यायचा असतो. मिन्शुकुची नावं-पत्ते त्यात व्यवस्थित लिहा, म्हणजे मुक्काम आधी ठरवण्याचा इथेही फायदा होतो.
- आरक्षणांच्या छापील प्रती. डोंगरात मोबाईलची रेंज येते-जाते.
- प्रवास विमा, त्यात डोंगरात चालणं धरलंय का ते तपासून.
- रोजच्या औषधांची यादी आणि डॉक्टरची चिठ्ठी.
- रोख येन. पुष्कळ घरं कार्ड घेत नाहीत. तानाबे स्टेशनच्या आसपास पैसे काढून घ्या, पुढे एटीएम शोधण्यात वेळ जातो. १,००० च्या नोटा आणि सुटी नाणी भरपूर ठेवा. पाच येनची नाणी वेगळी ठेवा, त्यांचं काम देवळात.

५. सॅकमध्ये काय

पक्की पकड असलेले, वापरून मऊ झालेले बूट. नवे कोरे बूट घालून येऊ नका. खरा पावसाळी जॅकेट-पँटचा जोड. पोंचो चढावर पायात येतो. डोक्याला बांधायची बॅटरी, आणि ती सॅकच्या वरच्या कप्प्यात. दीड लिटर पाणी. चालायच्या काठ्या असतील तर टोकांना रबरी टोपणं लावा, नाहीतर शेकडो वर्षांच्या दगडांवर चरे पडतात. एक लहान टॉवेल. एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी, कारण वाटेवर कचराकुंडी नाही आणि चिक्कीचा कागदसुद्धा खिशातून परत आणायचा. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि प्लगला दोन चपटे पाय, तेव्हा अडॅप्टर लागेल.

शरद ऋतूत मोठ्या गांधीलमाश्या फिरतात. काळे कपडे आणि अत्तर टाळा, एखादी घोंघावली तर हात न झटकता हळू मागे सरका. मामुशी नावाचा विषारी साप आहे, म्हणून पाचोळ्यात पाय न बघता घालू नका. मदतीसाठी ११९ हा रुग्णवाहिकेचा आणि अग्निशमनाचा नंबर, ११० पोलिसांचा.

६. तानाबेला पोचणं आणि बसची भानगड

शिन-ओसाका किंवा तेन्नोजी स्टेशनवरून 'कुरोशिओ' ही एक्स्प्रेस पकडा. दोन-सव्वादोन तासांत किइ-तानाबे. सीट आधी राखून ठेवा आणि ती गाडीच्या दिशेने उजव्या बाजूची मागा, पुढे त्या बाजूला समुद्र लागतो. स्टेशनशेजारी पर्यटन माहिती केंद्र आहे. तिथे नकाशा, शिक्क्यांची वही आणि बसचं वेळापत्रक मिळतं. तिन्ही घ्या.

ताकिजिरीला जाणारी बस स्टेशनसमोरूनच सुटते, पाऊण तासाच्या आत पोचते. बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि दारातल्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी ओढून घ्यायची. पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी असते. आपल्या नंबराखाली भाड्याचा आकडा दर थांब्याला वाढत जातो. उतरताना पुढच्या दाराशी चिठ्ठी आणि नेमके पैसे डब्यात टाकायचे. सुटे नसतील तर १,००० ची नोट तिथल्याच यंत्रात मोडता येते. मोठी नोट मोडत नाही.

खरा फसवा भाग वेळापत्रकाचा. दिवसाला गाड्या मोजक्याच, आणि कामाचे दिवस व सुट्टीचे दिवस यांचे रकाने वेगळे. जपानी सार्वजनिक सुट्टी मंगळवारी आली की तुम्ही मंगळवारचा रकाना बघून थांबता आणि बस येतच नाही. माहिती केंद्रातल्या माणसाला आपल्या तारखा सांगून त्याच्याकडूनच गाड्यांवर पेनने खुणा करून घ्या. आम्ही दुसऱ्या खेपेला हेच केलं.

७. पहिला दिवस: ताकिजिरी ते ताकाहारा

ताकिजिरी-ओजी हे पवित्र डोंगराचं दार मानलं जातं. इथून पुढे देवांची हद्द. समोर रस्त्यापलीकडे यात्रेकरूंचं केंद्र आहे, तिथलं स्वच्छतागृह वापरून घ्या.

देवळाच्या मागे वाट थेट आभाळाकडे निघते. सुरुवातीचा अर्धा तास या टप्प्यातला सगळ्यात खडा: मुळांच्या पायऱ्या, ओला दगड, छातीत धडधड. इथेच लोक घाबरतात आणि वाटतं, तीन दिवस असंच असेल. तसं नाही. थोडं वर गेल्यावर मोठ्या खडकांत एक अरुंद बोळ लागते, ताइनाइ-कुगुरी, म्हणजे 'गर्भातून जाणं'. बाईने त्यातून पार झालं की बाळंतपण सुखरूप होतं अशी श्रद्धा. सॅक काढूनच आत शिरता येतं, आणि बाहेर पडताना शरीर पिळवटून वर खेचावं लागतं. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांच्यासाठी बाजूने वाट आहे.

वाट चुकण्याची भीती फार नको. दर ५०० मीटरला क्रमांकाचा खांब आहे, ताकिजिरीपासून मोजलेला. काही झालं आणि फोन करावा लागला तर शेवटी दिसलेल्या खांबाचा क्रमांक सांगायचा. चुकीच्या फाट्यांवर 'ही कुमानो कोदो नव्हे' अशा अर्थाची इंग्रजी पाटी लावलेली असते. दोन-तीन खांबांएवढं अंतर गेलं आणि एकही खांब दिसला नसेल, तर पुढे रेटू नका, मागे या.

ओजींपाशी लाकडी पेटी असते, खांबावर बसवलेली, पक्ष्याच्या घरट्यासारखी. झाकण उघडलं की आत रबरी शिक्का आणि शाईची गादी. वहीत तो आपण उमटवायचा. पावसात शाई पातळ होते, म्हणून शिक्का आधी टॉवेलने टिपा, मग गादीवर हलका ठेवा आणि कागदावर तळव्याने सावकाश दाबा. आईने पहिला शिक्का घाईत उमटवला, तो अर्धाच आला. नंतरचा प्रत्येक तिने बसून, वही मांडीवर घेऊन उमटवला.

दुपारी लवकर ताकाहाराला पोचाल. तिथल्या देवळाभोवती कापराची प्रचंड झाडं आहेत, आणि देवळाची इमारत या वाटेवरच्या सगळ्यात जुन्या इमारतींपैकी. गावाला 'धुक्याचं गाव' म्हणतात. सकाळी सहाला खिडकी उघडा. खालची दरी पांढऱ्या धुक्याने काठोकाठ भरलेली आणि पलीकडे डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक फिकट होत गेलेल्या.

मिन्शुकुत पाचच्या आत पोचा. बूट दारात, आत सपाता, आणि संडासाच्या सपाता वेगळ्या. युकाता, म्हणजे मुक्कामी मिळणारा सुती झगा, घालताना डावी बाजू उजवीवर घ्या. उलटं फक्त मृताला नेसवतात.

८. दुसरा दिवस: ताकाहारा ते चिकात्सुयु

आठला निघा. दाइमोन-ओजी, जुजो-ओजी करत वाट हळूहळू चढते आणि पूर्वी जिथे चहाचं घर होतं त्या उवादावा-जाया नावाच्या जागेपर्यंत जाते. हा या टप्प्याचा माथा. तिथून लांब उतार. उतारावर गुडघ्यांना जपा, आणि ओल्या मुळांवर पाय ठेवू नका, मुळांच्या मधल्या मातीत ठेवा. घसरण्याचे बहुतेक प्रकार दमलेल्या पायांनी उतारावरच होतात.

उतार संपल्यावर वाट मोटाररस्त्याजवळ येते. तिथे प्रवाशांसाठी थांबा आहे, स्वच्छतागृह आहे. पुढे हाशिओरी खिंड, म्हणजे 'काड्या मोडल्याची खिंड'. काझान नावाचा सम्राट इथे जेवायला बसला तेव्हा त्याने खायच्या काड्यांसाठी एक देठ मोडला. त्यातून लाल रस टपकला, आणि त्याने विचारलं, "हे रक्त की दव?" जपानीत 'चि का त्सुयु'. त्यावरून खालच्या गावाचं नाव पडलं अशी आख्यायिका. खिंडीत बैल आणि घोडा दोघांवर बसलेल्या मुलाची दगडी मूर्ती आहे, ग्युबा-दोजी. फोटोंमुळे ती मोठी वाटते. प्रत्यक्षात गुडघ्याएवढीच आहे, त्यामुळे न बघता पुढे जाल.

खाली चिकात्सुयु. नदीकाठी बूट काढून पाय पाण्यात सोडा. तेवढा वेळ आता तुमच्याकडे आहे.

९. तिसरा दिवस: होश्शिनमोन ते होंगू

सकाळच्या बसने होंगू गाठा. तिथून होश्शिनमोनची बस लगेच मिळेलच असं नाही, म्हणून जोड आदल्या रात्री तपासा. होश्शिनमोन म्हणजे 'बोधिचित्त, म्हणजे ज्ञानाची ओढ, जागं होण्याचं दार'. पूर्वी इथून मुख्य देवळाचा परिसर सुरू व्हायचा.

वाट अर्धी गावांतून, अर्धी रानातून जाते. चहाचे मळे, भातखाचरं, कोणाच्या तरी अंगणातून काढलेली पायवाट. घरांपुढे माणूस नसलेली दुकानं असतात: फळीवर संत्र्यांच्या पिशव्या, उमेबोशीच्या बरण्या, शेजारी पैसे टाकायचा डबा. मोजून पैसे टाका आणि घ्या.

साधारण मध्यावर फुशिओगामी-ओजी येतं. नावाचा अर्थ 'लोटांगण घालून वंदन'. कित्येक दिवस चालून आलेल्या यात्रेकरूंना दूर खाली, नदीकाठी, देऊळ पहिल्यांदा दिसायचं ते इथून, आणि ते जमिनीवर कोसळायचे. आईला वेळापूरचा धावा आठवला. तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, तीच जागा.

या ठिकाणाची आणखी एक कथा आहे. हजार वर्षांपूर्वीची कवयित्री इझुमी शिकिबु इथवर आली, देऊळ समोर दिसत होतं, आणि तिला पाळी आली. आता दर्शन नाही, म्हणून तिने दुःखाने एक कविता रचली. रात्री स्वप्नात कुमानोच्या देवाने कवितेतच उत्तर दिलं. आशय असा की मी स्वतः जगाच्या धुळीत मिसळणारा देव आहे, तुझ्या पाळीची मला काय अडचण? आणि ती दर्शनाला गेली. कुमानोची ही जुनी ओळख आहे: बाई-पुरुष, शुद्ध-अशुद्ध, श्रद्धाळू असो-नसो, कोणालाही मज्जाव नाही. त्या काळात कित्येक पवित्र डोंगर बायकांना बंद होते.

मी ही गोष्ट आईला वाचून दाखवली. तिने ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग बाकावर बसून राहिली, बराच वेळ. पहिल्या खेपेला आम्ही चिकात्सुयुला दमून थांबलो आणि इथवर आलोच नव्हतो. इथे निदान अर्धा तास राखून ठेवा.

१०. होंगूच्या देवळात

वाट देवळाच्या मागच्या बाजूने उतरते. पुढच्या बाजूच्या १५८ दगडी पायऱ्या, दोन्हीकडे कुमानोच्या देवाचे उभे झेंडे, त्याही एकदा उतरून-चढून बघा.

तोरीच्या कमानीपाशी थोडं झुकून आत शिरा, वाटेच्या मधोमध न चालता कडेने चाला. मधली जागा देवाची. पाण्याच्या टाकीपाशी आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, शेवटी पळी उभी करून तिचा दांडा धुवायचा. पळी तोंडाला लावू नका. दानपेटीत नाणं टाका. पाच येनला 'गोएन' म्हणतात आणि 'ऋणानुबंध' या शब्दाचा उच्चारही तसाच. मग दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, हात जोडून मागणं, आणि पुन्हा एकदा वाकून नमस्कार. इथे एकापेक्षा जास्त गाभारे आहेत, दर्शनाचा क्रम फलकावर दिलेला असतो. फोटोबद्दलच्या सूचना वाचून मगच फोन काढा.

आवारात काळ्या रंगाची टपालपेटी आहे, वर तीन पायांचा कावळा. हा यातागारासु, कुमानोच्या देवांचा दूत. जपानच्या फुटबॉल संघटनेच्या चिन्हावरही तोच. इथून घरी पत्र टाका.

देवळातून लगेच बस पकडू नका. दहा मिनिटांवर ओयुनोहारा आहे, नद्यांच्या संगमावरची मूळ जागा. १८८९ च्या महापुरात तिथली बरीच देवळं वाहून गेली, जी वाचली ती वर डोंगरावर हलवली. आता तिथे झाडांच्या कड्यात मोकळं मैदान आहे, आणि दारात ३३.९ मीटर उंचीची तोरी, २००० साली उभारलेली. भातखाचरांतून तिच्याकडे चालत जाताना ती किती मोठी आहे हे खालून जाणारा माणूस दिसेपर्यंत कळत नाही.

वेळ असेल तर चौथ्या दिवशी नाचीला जा. १३३ मीटरचा धबधबा हाच तिथला देव. शेजारचं बौद्ध मंदिर भारतातून समुद्रात वाहत आलेल्या एका भिक्षूने स्थापलं अशी परंपरा सांगते, आणि पूजा कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची.

११. युनोमिने: पाय शेकायचे आणि रताळी उकडायची

होंगूहून बसने थोड्याच वेळात युनोमिने. यात्रेकरू दर्शनाआधी इथे शुद्ध व्हायचे. ओढ्यात बांधलेली त्सुबोयु ही लाकडी खोपटी म्हणजे जागतिक वारशात मोडणारं स्नानगृह. एका वेळी एकच गट, अर्ध्या तासासाठी. काउंटरवर पैसे भरून क्रमांकाची पाटी घ्यायची आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. संध्याकाळी रांग मोठी असते, पहाटे लवकर जा.

कुठल्याही ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात, आधी बाहेर अंग स्वच्छ धुवा, मग पाण्यात उतरा. पोहण्याचा पोशाख चालत नाही, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. आपल्या बायकांना याचा संकोच वाटतो, आईलाही वाटला. त्सुबोयुत घरचीच माणसं असल्यामुळे तो प्रश्न सुटतो. पाणी कढत असतं. थंड पाण्याचा नळ असतो, तो सोडून आधी नीट ढवळा.

गावाच्या मधोमध उकळत्या झऱ्याचा हौद आहे. दुकानातून जाळीच्या पिशवीत अंडी घ्या, दोरी खुंटीला अडकवा आणि पिशवी आत सोडा. बारा मिनिटांत होतात. अंडी खात नसाल तर रताळी घ्या, त्यांना बराच जास्त वेळ लागतो, तोवर ओढ्याकाठच्या बाकावर बसून राहा. खुंटीवर आपली पिशवी कुठली ते लक्षात ठेवा, सगळ्या सारख्याच दिसतात.